नेटफ्लिक्सच्या ८,८०७ ओळींचा डॅशबोर्ड: एक प्रकरण अभ्यास

कॅगल या डेटा खुला ठेवणाऱ्या संकेतस्थळावर ‘नेटफ्लिक्स मूव्हीज अँड टीव्ही शोज’ नावाची एक सीएसव्ही फाइल, म्हणजे ओळी-रकान्यांचा साधा तक्ता, आहे. डेटा ॲनालिसिस शिकणाऱ्या बहुतेकांच्या हाताखालून ती कधी ना कधी जातेच. सप्टेंबर २०२१ पर्यंतच्या आवृत्तीत ८,८०७ ओळी आणि १२ रकाने आहेत: क्रमांक, चित्रपट की मालिका, शीर्षक, दिग्दर्शक, कलाकार, देश, लायब्ररीत जोडल्याची तारीख, प्रदर्शनाचं वर्ष, वयोगटाचं मानांकन, लांबी, प्रकार आणि थोडक्यात वर्णन. या फाइलवर उभ्या केलेल्या एका डॅशबोर्डची, म्हणजे चाळता येणाऱ्या आलेखांच्या पानांची, ही हकिगत आहे.

डॅशबोर्ड मागणारी मंडळी पटकथा आणि निर्मितीच्या क्षेत्रातली होती. कोडशी त्यांना देणंघेणं नव्हतं. माऊसनं चाळता येईल, एखादा देश निवडला की बाकीचे आलेख आपोआप बदलतील, असं काहीतरी त्यांना हवं होतं. प्रश्न तीन होते. लायब्ररी चित्रपटांकडून मालिकांकडे सरकते आहे का? कोणत्या देशातून काय येतं? आणि दरवर्षी पडणारी भर वाढते आहे की घटते आहे?

दुसरा प्रश्न डेटा नीट हाताळला की सुटतो. पहिला आणि तिसरा हे काळाबद्दलचे प्रश्न आहेत आणि खरी मेहनत तिथेच लागली. अशा डॅशबोर्डमध्ये सर्वांत देखणा दिसतो तो काळाचा आलेख. वाचणाऱ्याला सर्वांत सहज चुकीच्या निष्कर्षाकडे नेतो तोही तोच. म्हणून पुढे त्याच्यावर सर्वांत जास्त लिहिलं आहे.

सफाई पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या पांडाज या डेटा हाताळणाऱ्या लायब्ररीत केली आणि डॅशबोर्ड पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या साधनात. टॅब्लो किंवा स्ट्रीमलिट यांसारखं दुसरं साधन वापरलं असतं तरी खालच्या अडचणी टळल्या नसत्या, कारण त्या साधनाच्या नाहीत, डेटाच्या आहेत.

रिकामे रकाने

फाइल उघडल्यावर पहिली नजर रिकाम्या जागांवर जाते. दिग्दर्शकाचं नाव २,६३४ ओळींत नाही. देश ८३१ ओळींत नाही, कलाकार ८२५ ओळींत नाहीत. जोडल्याची तारीख १० ठिकाणी, मानांकन ४ ठिकाणी आणि लांबी ३ ठिकाणी गायब आहे.

शिकवण्यांमध्ये सर्रास दाखवला जाणारा उपाय म्हणजे एकही रकाना रिकामा असलेली प्रत्येक ओळ काढून टाकायची. पांडाजमध्ये ही एका ओळीची आज्ञा आहे. ती चालवली की ५,३३२ ओळी उरतात आणि फाइल स्वच्छ दिसते. पण उरलेल्यांत चित्रपट आहेत ५,१८५ आणि मालिका फक्त १४७. मूळ फाइलमध्ये ६,१३१ चित्रपट आणि २,६७६ मालिका होत्या. म्हणजे मालिकांचा वाटा ३०.४ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर घसरतो, तोही पहिला आलेख काढायच्या आधीच. मंडळींचा पहिलाच प्रश्न मालिकांबद्दलचा होता. तो तिथल्या तिथे संपला असता.

कारण शोधायला फार खोल जावं लागत नाही. दिग्दर्शक नसलेल्या २,६३४ ओळींपैकी २,४४६ मालिकांच्या आहेत. मालिकेचे वेगवेगळे भाग सहसा वेगवेगळे दिग्दर्शक करतात, त्यामुळे त्या रकान्यात लिहायला बहुधा एक नाव नसतंच. ही जागा रिकामी असण्यात मालिका कशा बनतात हेच दिसतं, आणि असा रिकामेपणा कचरा समजून फेकू नये असं मला मनापासून वाटतं.

म्हणून एकही ओळ काढायची नाही असं ठरलं. रिकाम्या जागी ‘नोंद नाही’ असं लिहिलं आणि ते फिल्टरमध्येही दिसू दिलं. देशाच्या आलेखाखाली एक बारीक ओळ ठेवली: निवडलेल्या शीर्षकांपैकी किती जणांचा देश माहीत नाही. फिल्टर बदलला की ती संख्याही बदलते.

लांबी नसलेल्या तीन ओळींची गंमत वेगळी आहे. तिन्ही एकाच विनोदवीराच्या स्टँड-अप कार्यक्रमांच्या आहेत आणि त्यांच्या मानांकनाच्या रकान्यात अनुक्रमे ७४, ८४ आणि ६६ मिनिटं लिहिलेली आहेत. मजकूर एक घर अलीकडे सरकला आहे, इतकंच. तो जागेवर नेला आणि मानांकनात ‘नोंद नाही’ टाकलं. हे दुरुस्त केलं नाही तर वयोगटाच्या यादीत ‘प्रौढ’, ‘मुलांसाठी’ यांच्या शेजारी ‘७४ मिनिटं’ नावाचा एक वयोगट येऊन बसतो.

तारखांमध्येही एक खाच आहे. बहुतेक तारखा महिन्याच्या नावानं सुरू होतात, पण काहींच्या आधी एक मोकळी जागा आहे. पांडाजच्या नव्या आवृत्त्या पहिल्या तारखेवरून साचा ठरवतात आणि न जुळणाऱ्या तारखेवर अडतात. ‘अडू नकोस, पुढे जा’ असं सांगितलं तर त्या तारखा गुपचूप रिकाम्या होतात. आधी मोकळ्या जागा छाटायच्या आणि मगच तारखा वाचायच्या, हा क्रम पाळला.

एका रकान्यात तीन प्रकार

प्रकाराच्या रकान्यात स्वल्पविरामानं वेगळे केलेले एक ते तीन प्रकार असतात. डॅशबोर्डला एका शीर्षकासाठी एकच प्रकार मिळाला तर सोपं जातं, म्हणून पुष्कळ जण पहिला प्रकार हाच मुख्य धरतात. पण या रकान्यातले प्रकार महत्त्वाच्या क्रमानं लिहिलेले नाहीत. ते इंग्रजी वर्णानुक्रमानं लावलेले आहेत.

याचा परिणाम आकड्यांत बघण्यासारखा आहे. सगळे प्रकार मोजले तर ‘इंटरनॅशनल मूव्हीज’ २,७५२ शीर्षकांवर दिसतो आणि यादीत पहिला येतो. फक्त पहिला प्रकार धरला तर तो १२८ वर येतो. उलट ‘ॲक्शन अँड ॲडव्हेंचर’ दोन्ही पद्धतींत ८५९ च राहतो, कारण ‘ए’ अक्षरानं सुरू होणाऱ्याच्या पुढे कोणी जाऊच शकत नाही. पहिला प्रकार हाच मुख्य मानून काढलेल्या आलेखात लायब्ररीपेक्षा वर्णमालाच जास्त बोलते.

तेव्हा प्रकार, देश आणि कलाकार हे तिन्ही रकाने फोडून वेगळी टेबलं केली. मध्ये शीर्षकांचं टेबल, ज्यात प्रत्येक शीर्षक एकदाच. भोवती तीन जोडटेबलं, ज्यांत एका शीर्षकाच्या अनेक ओळी. पॉवर बीआयमध्ये फिल्टर आपणहून शीर्षकांकडून जोडटेबलाकडे वाहतो. आपल्याला मात्र उलट हवं असतं: प्रकार निवडला की शीर्षकं गाळली जावीत. टेबलांमधली सगळी नाती दुतर्फा करून टाकणं, म्हणजे फिल्टर दोन्हीकडे वाहू देणं, हा सोपा मार्ग, पण मग प्रत्येक फिल्टर दुसऱ्या प्रत्येकावर परिणाम करू लागतो आणि एखादी संख्या अशी का आली हे सांगणं कठीण होतं. आम्ही नाती एकतर्फीच ठेवली आणि मोजणाऱ्या सूत्रात (मेजरमध्ये) क्रॉसफिल्टर हे फंक्शन वापरून त्या हिशेबापुरती उलटी वाट उघडली. मोजणी नेहमी डिस्टिंक्टकाउंट या पुन्हा आलेली नोंद एकदाच मोजणाऱ्या फंक्शननं, शीर्षकाच्या क्रमांकावर.

त्यानंतर एक प्रश्न हमखास येतो: प्रकारांची बेरीज एकूण संख्येपेक्षा जास्त का? फोडल्यावर प्रकारांच्या १९ हजारांवर ओळी होतात आणि शीर्षकं ८,८०७ च राहतात. हे बरोबर आहे, पण बघणाऱ्याला ते कळायला हवं. प्रकारांसाठी पाय चार्ट वापरायचा नाही हे आधीच ठरवलं, कारण तो सगळे तुकडे मिळून पूर्ण शंभर होतात असं आश्वासन देतो. आडवे स्तंभ काढले आणि माऊस नेल्यावर ‘एक शीर्षक तीनपर्यंत प्रकारांत मोजलं आहे’ हे वाक्य दिसेल असं केलं.

देश निवडला की

डॅशबोर्ड हाताळता येण्याचा फायदा देशांच्या पानावर सर्वांत स्पष्ट दिसला. एकूण लायब्ररीत साधारण ७० टक्के चित्रपट आणि ३० टक्के मालिका आहेत. हा आकडा एकटा असला की लायब्ररीचा स्वभावच तसा आहे असं वाटतं. आता ज्यांच्यापुढे फक्त भारत लिहिलं आहे ती ९७२ शीर्षकं निवडा: ८९३ चित्रपट, ७९ मालिका. म्हणजे जवळजवळ ९२ टक्के चित्रपट. मग फक्त दक्षिण कोरिया निवडा: १९९ शीर्षकं, त्यात ४१ चित्रपट आणि १५८ मालिका. तोल पूर्ण उलटा. लिहिणाऱ्या-बनवणाऱ्या मंडळींना एकूण सरासरीपेक्षा या एका क्लिकमधून जास्त मिळालं, आणि नुसती छापील आकृती हे देऊ शकली नसती.

फक्त अमेरिका लिहिलेली शीर्षकं २,८१८ आहेत. सहनिर्मिती धरली तर ही संख्या बरीच वाढते. म्हणून ‘एकट्या देशाची निर्मिती’ आणि ‘सहनिर्मितीसह’ अशी दोन बटणं दिली. कोणती मोजणी योग्य हे प्रश्नावर ठरतं. एखाद्या देशाचा चित्रपटउद्योग काय पाठवतो हे पाहायचं असेल तर पहिली बरी, पैसा आणि मनुष्यबळ कुठे कुठे गुंतलं आहे हे पाहायचं असेल तर दुसरी.

जगाचा नकाशा मात्र मुद्दाम ठेवला नाही. तो सुंदर दिसतो आणि मागणीही होती. पण रंगवलेला देश पाहून लोक समजतात की तिथे इतकी शीर्षकं बघायला मिळतात. या रकान्यात निर्मितीचा देश आहे. शीर्षक कुठे उपलब्ध आहे याची माहिती फाइलमध्ये कुठेच नाही, आणि स्ट्रीमिंगचे हक्क देशागणिक वेगळे असल्यामुळे हा फरक लहान नाही.

याच पानावर आणखी एक उणीव टोचली. या १२ रकान्यांत भाषा नाही. भारत निवडल्यावर हिंदी किती, तमिळ किती, मराठी किती, हे सांगता येत नाही. शीर्षकावरून किंवा कलाकारांवरून भाषा ओळखण्याची सूचना आली होती. ती घेतली नाही. अनेक भाषांत काम करणारे कलाकार आणि इंग्रजी नावांचे चित्रपट इतके आहेत की असा अंदाज आकड्याचा मुखवटा घालून डॅशबोर्डवर येऊन बसला असता. आणि ‘इंटरनॅशनल’ हा प्रकारच बघा ना: भारतात बनलेल्या कौटुंबिक चित्रपटावरही हा शिक्का असतो. ही वर्गवारी अमेरिकेत बसून लायब्ररीकडे पाहणाऱ्याची आहे. त्यामुळे देशांच्या पानावर हा प्रकार दाखवलाच नाही, कारण तिथे तो देशाचीच माहिती दुसऱ्या नावानं पुन्हा सांगतो.

मानांकन आणि लांबी यांच्यावर फार वेळ गेला नाही. मानांकनांत अमेरिकेतल्या दोन पद्धती मिसळलेल्या आहेत, एक टीव्हीची आणि एक चित्रपटगृहांची. सर्वांत मोठा गट टीव्ही-एमए या प्रौढांसाठीच्या मानांकनाचा, ३,२०७ शीर्षकांचा. दोन्ही पद्धतींचे मिळून चार गट केले आणि माऊस नेल्यावर मूळ मानांकन दिसू दिलं. चित्रपटांची सरासरी लांबी १०० मिनिटांच्या आसपास येते. सर्वांत लांब नोंद ३१२ मिनिटांची आहे आणि ती ‘ब्लॅक मिरर: बँडरस्नॅच’ या प्रेक्षकानं कथेची वाट निवडायच्या चित्रपटाची आहे. एका बैठकीत कोणी तेवढा वेळ पाहत नाही, म्हणून लांबीच्या आलेखाची मर्यादा अलीकडे आणली आणि ही नोंद टिपेत सांगितली. मालिकांची लांबी सीझनमध्ये दिलेली असते. त्यांपैकी १,७९३ मालिकांचा एकच सीझन आहे.

चढणारी रेषा

आता तिसरा प्रश्न. जोडल्याच्या तारखेवरून वर्ष काढलं आणि शीर्षकं मोजली. २०१५ मध्ये ८२, २०१६ मध्ये ४२९, २०१७ मध्ये १,१८८, २०१८ मध्ये १,६४९, २०१९ मध्ये २,०१६, २०२० मध्ये १,८७९ आणि २०२१ मध्ये १,४९८. याची रेषा काढली की गोष्ट आपोआप तयार होते: जानेवारी २०१६ मध्ये नेटफ्लिक्स एकाच वेळी १३० नव्या देशांत गेलं, मग भर झपाट्यानं वाढली, मग महामारी आली आणि उतरण लागली.

उतरणीचं शेवटचं टोक लगेच गळून पडतं. फाइलमधली शेवटची तारीख २५ सप्टेंबर २०२१ आहे. तेवढ्या दिवसांत १,४९८ हा वेग वर्षभर टिकला असता तर संख्या २,०४० च्या आसपास गेली असती. २०२१ चा स्तंभ बुटका दिसतो तो वर्ष अपुरं असल्यामुळे.

सुरुवातीचं टोक जास्त बोलकं आहे. २०१५ च्या आधीच्या सगळ्या वर्षांची मिळून फक्त ५६ शीर्षकं निघतात. नेटफ्लिक्सचं स्ट्रीमिंग २००७ मध्ये सुरू झालं. सात-आठ वर्षांत ५६ शीर्षकं? याच डेटासेटच्या कॅगलवरच्या आधीच्या वर्णनात फ्लिक्सेबल या त्रयस्थ शोधसेवेचा २०१८ चा एक अहवाल सांगितला होता: २०१० पासून नेटफ्लिक्सवरचे चित्रपट २,००० हून अधिकनं कमी झाले आणि मालिका जवळजवळ तिप्पट झाल्या. लायब्ररीतून दोन हजार चित्रपट कमी व्हायचे तर आधी ते तिथे असायला हवेत. आमच्या रेषेत त्यांचा मागमूस नाही.

ही फाइल इतिहास नोंदवत नाही. ती एका दिवशी लायब्ररीत काय होतं ते सांगते. पुष्कळ चित्रपट ठराविक मुदतीच्या हक्कांवर घेतलेले असतात, मुदत संपली की जातात आणि जाताना आपली ओळही घेऊन जातात. जनगणनेतली माणसं जन्मवर्षानुसार मोजली तर फार जुन्या वर्षांत जन्मलेले थोडेच सापडतात. त्यावरून त्या वर्षी मुलं कमी जन्मली असं कोणी म्हणत नाही. आमची रेषा नेमकी अशीच होती.

हे तर्कानं पटलं तरी डॅशबोर्डवर दाखवायला पुरावा हवा होता. तो याच डेटासेटच्या आधीच्या आवृत्तीत मिळाला. जानेवारी २०२१ पर्यंतच्या त्या फाइलमध्ये ७,७८७ ओळी आहेत. दोन्ही फाइलींवर एकच मोजणी चालवली. फाइल इतिहास असती तर २०१९ चा आकडा दोन्हीकडे सारखा आला असता, कारण २०१९ संपून गेलेलं होतं. जानेवारीच्या फाइलमध्ये २०१९ ची शीर्षकं २,१५३ होती, सप्टेंबरच्या फाइलमध्ये २,०१६. २०२० ची २,००९ वरून १,८७९ झाली. २०१८ ची १,६८५ वरून १,६४९, आणि २०१७ ची १,२२५ वरून १,१८८. आठ महिन्यांत होऊन गेलेली वर्षं आक्रसली.

इथे थांबलो असतो तर ‘हक्क संपले, शीर्षकं गेली’ एवढंच कळलं असतं. चित्रपट आणि मालिका वेगळ्या केल्या तेव्हा दुसरी, जास्त महत्त्वाची गोष्ट समोर आली. २०२० च्या चित्रपटांची संख्या १,३१२ वरून १,२८४ झाली, म्हणजे सुमारे २ टक्के घट. त्याच वर्षीच्या मालिका मात्र ६९७ वरून ५९५ झाल्या: जवळजवळ १५ टक्के घट. २०१९ मध्येही तसंच, चित्रपट १,४९७ वरून १,४२४ आणि मालिका ६५६ वरून ५९२. अगदी नव्या मालिकाच इतक्या वेगानं का नाहीशा व्हाव्यात?

सगळ्या नाहीशा झालेल्या नाहीत. पुष्कळ पुढे सरकल्या आहेत. ‘लुसिफर’ या मालिकेची ओळ पाहा. सहा सीझन आणि जोडल्याची तारीख १० सप्टेंबर २०२१. त्या दिवशी तिचा सहावा सीझन आला. मालिका नेटफ्लिक्सवर त्याच्या कितीतरी आधीपासून होती. मालिकेचा नवा सीझन आला की तारीख नवी होते आणि मालिका जुन्या वर्षाच्या स्तंभातून उठून चालू वर्षाच्या स्तंभात जाते. प्रदर्शनाच्या वर्षाचंही तसंच. ‘ब्रेकिंग बॅड’ २००८ मध्ये सुरू झाली, फाइलमध्ये तिचं वर्ष २०१३ आहे, म्हणजे शेवटच्या सीझनचं. ‘प्रदर्शनानंतर किती वर्षांनी लायब्ररीत आलं’ हा लोकप्रिय हिशेब त्यामुळे मालिकांसाठी बंदच केला, फक्त चित्रपटांसाठी ठेवला.

आणि यातूनच पहिल्या प्रश्नाचा निकाल लागला. सप्टेंबरच्या फाइलवरून वर्षवार मालिकांचा वाटा काढला तर २०१८ मध्ये २५ टक्के, २०१९ मध्ये २९.४, २०२० मध्ये ३१.७ आणि २०२१ मध्ये ३३.७ येतो. लायब्ररी मालिकांकडे झुकते आहे हे यापेक्षा स्वच्छ कसं दाखवणार? पण जानेवारीच्या फाइलवर तोच हिशेब केला तर २०१८ मध्ये २५.५, २०१९ मध्ये ३०.५ आणि २०२० मध्ये ३४.७. त्या फाइलमध्ये शिखर २०२० वर होतं. आठ महिन्यांनी तेच वर्ष तीन टक्क्यांनी खाली आलं आणि शिखर २०२१ वर गेलं. मालिका पुढे सरकत राहतात, त्यामुळे फाइल कोणत्याही दिवशीची घ्या, चढण त्या दिवसापर्यंत येऊन पोचलेली दिसण्याकडेच कल राहणार. संपूर्ण लायब्ररीतला मालिकांचा वाटा जानेवारीत ३०.९ टक्के होता आणि सप्टेंबरमध्ये ३०.४. म्हणजे जवळजवळ हललेलाच नाही.

हे आकडे मंडळींपुढे ठेवले तेव्हा एक रास्त आक्षेप आला: दोन फाइलींमधला फरक माहिती गोळा करण्याच्या पद्धतीतूनही येऊ शकतो. खरं आहे. एखादं शीर्षक गेलं, जाऊन नव्या तारखेनं परत आलं, की गोळा करतानाच सुटलं, हे या रकान्यांवरून वेगळं करता येत नाही. पण कारण यांपैकी कोणतंही असलं तरी होऊन गेलेल्या वर्षाचा आकडा बदलतो, आणि बदलणाऱ्या आकड्यावर वाढीचा दर काढता येत नाही. हे मान्य झाल्यावर पुढचे निर्णय सोपे गेले.

पानावर काय उरलं

रेषा काढून टाकली आणि स्तंभ आणले. रेषेमुळे एक वर्ष दुसऱ्यात वाहत जातं असं वाटतं, इथे तसं काही नव्हतं. आलेखाचं शीर्षक ‘दरवर्षीची भर’ होतं, ते ‘२५ सप्टेंबर २०२१ रोजी लायब्ररीत असलेली शीर्षकं, नोंदीतल्या तारखेच्या वर्षानुसार’ असं केलं. शीर्षक लांब झालं, पण आलेखात जे आहे तेच ते सांगतं. २०२१ चा स्तंभ फिकट ठेवला. शेजारी जानेवारीच्या फाइलचे स्तंभ दिले, आणि चित्रपट-मालिका असं बटण. ते दाबलं की मालिकांचे २०१९ आणि २०२० चे स्तंभ कसे खचतात ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं.

सर्वांत वर मोठ्या अक्षरांत ‘वार्षिक वाढ’ दाखवणारं कार्ड हवं असा आग्रह होता. ते दिलं नाही. त्या जागी एकूण शीर्षकं, मालिकांचा वाटा आणि देश माहीत नसलेल्यांची संख्या आली. माझ्या मते डॅशबोर्ड करणाऱ्याचं सर्वांत मोठं काम इथेच असतं: मागितलेला आकडा काढता येतो म्हणून तो दाखवायचाच असं नाही. फिल्टर, रंग आणि हालचाल यांमुळे आकड्याला जो आत्मविश्वास मिळतो तो पुढच्या बैठकीत, पुढच्या सादरीकरणात पोचतो. टीप तिथपर्यंत पोचत नाही.

एक मर्यादा पहिल्याच पानावर लिहिली. इथे प्रत्येक शीर्षक एक मोजलं आहे. तासाभराचा स्टँड-अप कार्यक्रम एक आणि दहा सीझनची मालिकाही एकच. लोक काय पाहतात याच्याशी या मोजणीचा संबंध नाही. पाहण्याचे आकडे नेटफ्लिक्सनं डिसेंबर २०२३ मध्ये ‘व्हॉट वुई वॉच्ड’ या अहवालात पहिल्यांदा इतक्या विस्तारानं दिले. जानेवारी ते जून २०२३ या काळातली १८,००० हून अधिक शीर्षकं आणि जवळजवळ १०० अब्ज तास. तो डेटा जोडण्याचा विचार झाला, पण २०२१ ची लायब्ररी आणि २०२३ ची पाहणी एकमेकांवर ठेवली तर मधल्या काळात गेलेली आणि आलेली शीर्षकं पुन्हा तोच घोळ घालतील. शिवाय त्या अहवालात मालिकेचे सीझन वेगवेगळ्या ओळींत आहेत, इथे मालिकेची एकच ओळ. तूर्त ते दोन वेगळे डॅशबोर्ड राहिलेले बरे.

काळाचे प्रश्न खरोखर सोडवायचे असतील तर एकाच फाइलवर भागणार नाही, म्हणून रचनेतच एक बदल केला. शीर्षकांच्या टेबलाला ‘कोणत्या दिवशीची फाइल’ असा तेरावा रकाना जोडला आणि नवी फाइल आली की जुनीवर लिहायचं नाही, खाली जोडायची असं ठरवलं. जानेवारी आणि सप्टेंबर २०२१ या दोन फाइली आता त्यात आहेत. क्रमांकावर भरवसा ठेवता येत नाही, कारण नव्या आवृत्तीत ओळींचे क्रमांक नव्यानं पडतात. त्यामुळे जुळणी शीर्षक, चित्रपट की मालिका आणि चित्रपट असेल तर प्रदर्शनाचं वर्ष यांवरून होते. मालिकांच्या जुळणीत वर्ष घेतलेलं नाही, ते सरकतं म्हणून. तिसरी फाइल जोडली की ‘आलेली’, ‘गेलेली’ आणि ‘तारीख बदललेली’ असे तीन स्तंभ आपोआप भरतील. भर किती पडते आणि गळती किती होते, हे तिथून मोजायला सुरुवात होईल.